पस्तीस हजार फुटांवरचं गोड बोलणं

ओझरच्या विमानतळावर द्राक्षांचं विमान भरत होतं आणि कॅप्टन वृंदा आहेर शिडीशी उभी राहून भरणाऱ्यांना झापत होती. पेट्यांच्या रांगा उजवीकडे जास्त झाल्या होत्या.

"विमान आहे हे, टेम्पो नाही! एका अंगाला कललं तर द्राक्षं तुमच्या डोक्यावर नाही पडायची, माझ्या पडतील. काढा त्या चार रांगा."

मुकादमाने तोंड वाकडं केलं, पण पेट्या हलवल्या. वजन पुन्हा घेतलं तेव्हा बाईचं म्हणणं बरोबर निघालं. ते बहुतेक वेळा बरोबरच निघायचं, आणि लोकांचा खरा राग त्याच गोष्टीवर होता.

वृंदाचं वय चौपन्न. त्यातली अठ्ठावीस वर्षं हवेत गेलेली. तिची आई हौसाबाई ओझरला विमान कारखान्याच्या कामगारांसाठी खानावळ चालवायची, अजूनही चालवते. वृंदा तिथेच पोळ्या लाटत वाढली. बारा ते एक या तासाभरात दीडशे माणसं जेवून उठवायची असतील तर गोड बोलायला फुरसत कोणाला? लेकीने ते बोलणं तसंच उचललं आणि विमानात नेलं.

पूर्वी विमानाच्या पुढच्या भागात दोघं बसायचे. दुसरा माणूस शोभेला नव्हता. उंचावर हवा विरळ, त्यात प्राणवायू थोडा. विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते म्हणून निभावतं; बाहेर पस्तीस हजार फूट असले तरी आतली उंची सात हजारांच्या आसपास राहते, एखाद्या थंड हवेच्या गावात बसल्यासारखी. हा दाब एकदम गेला तर कळतं, कान दुखतात, धुकं होतं. हळूहळू गेला तर कळत नाही. जीव गुदमरत नाही, काही दुखत नाही, उलट छान वाटतं. ज्या डोक्याने ओळखायचं तेच डोकं आधी जातं. म्हणून शेजारी दुसरं डोकं हवं.

चार वर्षांपूर्वी मालवाहू विमानांतून दुसरा माणूस काढला. खुर्ची राहिली, ती रिकामी. दुसरा वैमानिक आता नागपूरला भूकक्षात बसतो. त्याला भूवैमानिक म्हणतात. एका भूवैमानिकाकडे चार विमानं. आणि वर, वैमानिकाच्या कपाळासमोर, तपकिरीच्या डबीएवढं एक यंत्र टांगलेलं असतं. कागदावर त्याचं नाव शुद्धिमापक. सगळे त्याला जागल्या म्हणतात.

जागल्या वैमानिकाचा आवाज ऐकतो. फक्त त्याचाच; दुसऱ्या कोणाचा आवाज त्याच्या हिशेबात नाही. शब्दांचा वेग, मधले थांबे, स्वराचा चढउतार यांवरून माणूस किती शुद्धीत आहे याचे तो शंभरपैकी गुण देतो. साठच्या वर हिरवा दिवा, चाळीसच्या वर पिवळा, त्याखाली लाल. लाल झाला की जागल्या स्वतःच विमान हातात घेतो आणि दहा हजार फुटांवर आणतो, जिथे माणूस साध्या हवेत श्वास घेऊ शकतो. कल्पना वाईट नव्हती. वाईट ते पुढचं. एवढा जागल्या आहे म्हणून दोन गोष्टी काढून टाकल्या. एक, उंचावर एकट्या वैमानिकाने प्राणवायूचा मास्क तोंडावर ठेवायचा हा जुना नियम. दोन, आतला दाब दाखवणारा दुसरा मापक. शहाण्यांना एकाच्या जोडीला दुसरा ठेवणं जड झालं होतं.

जागल्याला शिकवलं होतं हजारो वैमानिकांचे आवाज ऐकवून. त्यातले बहुतेक रेडिओवर बातम्या वाचल्यासारखे बोलणारे, खालच्या पट्टीत, मोजून. वृंदाचे शब्द तापल्या तेलातल्या मोहरीसारखे तडतडायचे. तिला सदा पिवळा. तीन महिन्यांत अकरा पिवळे झाले आणि कंपनीचं पत्र आलं: आपल्या बोलण्यात सुधारणा करावी, आणखी तीन पिवळे आल्यास आपणास उड्डाणावरून कमी करण्यात येईल. सोबत नागपूरच्या भूवैमानिकाची तक्रार जोडली होती. सारंग उमाठे. वय एकतीस. कॅप्टन आहेर अपमानास्पद बोलतात, असं त्याने लिहिलं होतं आणि पुरावा म्हणून तिच्या बोलण्याचे सतरा तुकडे साठवून ठेवले होते.

पत्र आल्यापासून वृंदा गोड बोलायचा प्रयत्न करत होती. 'कृपया' हा शब्द ती दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारायची.

त्या सकाळी सव्वादहाला विमान उडालं. वृंदाने कानावरचे फोन काढून गळ्यात अडकवले, कारण ते तिच्या अंबाड्याला टोचायचे, आणि छतावरचा स्पीकर चालू केला. त्यावरही सारंगची तक्रार होती, आवाज घुमतो म्हणून. रिकाम्या खुर्चीवर आईने दिलेलं चिवड्याचं पाकीट होतं. हौसाबाईने नुकतंच पाकिटाची तोंडं चिकटवायचं यंत्र घेतलं होतं आणि आता ती दिसेल ते पाकिटात घालत होती.

"सारंग," वृंदा म्हणाली, "हा मार्ग कोणी आखला? पूर्वेला ढग उभे आहेत, आणि मला तिकडेच धाडतोस? झोपेत आखलास का?"

"मॅडम, पिवळा आलाय. अठ्ठावन्न."

"येऊ दे."

"मॅडम, तीनच उरलेत. हा त्यातला पहिला."

मग वृंदा म्हणाली, "कृपया मला दुसरा मार्ग द्यावा. झालं तुझ्या डबीचं समाधान?"

सारंगने मार्ग बदलून दिला. विमान पस्तीस हजारांवर गेलं. कोलकात्याला पोचायला अजून दीड तास होता.

अकरा वाजता जागल्याने चौऱ्याहत्तर गुण दाखवले. अकरा वाजून पाच मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. भूकक्षाचे पर्यवेक्षक मोघे सारंगच्या मागून चहा घेऊन चालले होते, ते थांबले.

"हे आहेरबाईंचे? औषध लागू पडलं म्हणायचं."

"मगाशी मला सारंगराव म्हणाल्या," सारंग म्हणाला.

"ऐक, ऐक. कौतुक रोज होत नाही."

सारंग खरंच सुखावला होता. दोन वर्षं या बाईच्या तोंडून त्याने स्वतःचं नाव नुसतं ओरडून घेतलेलं ऐकलं होतं. त्याने बाकीच्या तीन विमानांकडे नजर टाकली. समोरून एक विमान येत होतं म्हणून त्याने वृंदाला वळण दिलं.

"मॅडम, वीस अंश डावीकडे घ्या."

"डावीकडे वीस. तू म्हणशील तसं."

विमान वळायला लागलं तेव्हा सारंगला दिसलं की आपण चुकलो. उजवीकडे म्हणायचं होतं. समोरचं विमान डावीकडूनच येत होतं. अंतर भरपूर होतं, धोका नव्हता, पण चूक ती चूकच. त्याने कान मिटून घेतले, सवयीने. आता आठवडाभराचं ऐकावं लागणार.

काहीच आलं नाही.

"मॅडम, माफ करा. उजवीकडे. वीस उजवीकडे."

"हो का? तेही छान."

सारंगने पडद्याकडे बघितलं. गुण चौऱ्याण्णव. समोरचं विमान तिला तिच्या पडद्यावर दिसत असणारच. वीस अंश चुकीचं वळण वृंदा आहेरने ऐकून घेतलं आणि छान म्हणाली. त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

तेवढ्यात त्याच्या स्पीकरमधून फट् असा आवाज आला.

"मॅडम, काय फुटलं?"

वृंदा हसली. हळू, लांबवत. "आईचा चिवडा. पाकीट फुटलं आपोआप. सगळीकडे शेंगदाणे झालेत, सारंगराव. किती सुंदर दिसतात नाही, शेंगदाणे?"

तोंड चिकटवलेलं पाकीट उंचावर नेलं की फुगतं, हे घाटात गाडीतून गेलेल्या कोणालाही ठाऊक असतं. आतली हवा तेवढीच असते, बाहेरची कमी होते. सात हजार फुटांवर ते फुगून बसतं. फुटत नाही. फुटायला वीस हजार तरी हवेत.

सारंगने आतल्या उंचीचा आकडा पाहिला. सात हजार. बरोबर सात हजार. हा आकडा कधी स्थिर नसतो, पन्नास वर, तीस खाली असा हलत राहतो. त्याने मागची नोंद काढली. पंचवीस मिनिटं एक अंकही हलला नव्हता. मापकाच्या नळीत पाण्याचा थेंब गोठून बसला होता हे पुढे कळलं. सारंगला तेव्हा एवढंच कळलं की आकडा मेलेला आहे, आणि दुसरा आकडा बघायला जागाच नाही.

"मॅडम, मास्क लावा. आत्ता. डाव्या हाताला आहे."

"हो, लावते हं."

मास्क लावला की श्वासाचा आवाज माईकमध्ये घुमतो. काही घुमलं नाही.

"मॅडम, लावला?"

"लावला ना."

"मॅडम, नाही लावलात! मास्क लावा!"

"हो रे राजा. लावते."

जागल्याचा दिवा हिरवागार होता. सत्त्याण्णव. तिच्या शब्दांचा वेग उतरत उतरत बरोबर त्या बातम्या वाचणाऱ्यांच्या पट्टीत आला होता. आणखी उतरला असता तर जागल्यालाही संशय आला असता, पण तोवर फार उशीर झाला असता. एवढ्या उंचीवर प्राणवायू नसलेला माणूस चार-पाच मिनिटं उपयोगाचा राहतो, मग झोपतो, मग उठत नाही.

सारंगने ताबा घ्यायचं बटण दाबलं. बटण मुकं होतं. वैमानिक हिरव्यात असेल तर खालच्याला ताबा मिळत नाही, असा नियम होता. नियम वैमानिकांनीच भांडून मिळवलेला, आणि भांडणाऱ्यांत वृंदा पुढे होती.

"मोघेसाहेब! ताबा उघडून द्या. बाई बेशुद्ध होतायत."

मोघ्यांनी दिवा बघितला. "सत्त्याण्णव आहे, सारंग."

"तेच तर सांगतोय ना! ह्या बाईला सत्त्याण्णव येतील का कधी?"

मोघे फोनकडे धावले. ताबा उघडायला मुख्य कार्यालयातल्या दोघांची मंजुरी लागते. त्यातला एक बैठकीत होता. "आठ मिनिटं म्हणतात," मोघे फोनवर हात ठेवून म्हणाले.

आठ मिनिटं नव्हती. सारंगने एक शेवटचं करून बघितलं. बाई चिडली तर शब्द तडतडतील, तडतडले तर जागल्या लाल होईल, लाल झाला की खाली आणेल. तो माईकजवळ वाकला.

"मॅडम, तुमच्या आईचा चिवडा खवट असतो."

भूकक्षातल्या सगळ्या माना वळल्या. ओझरच्या विमानतळावर मागे एका इंजिनियरने हे वाक्य म्हटलं होतं, आणि त्याने पुढे बदली मागून घेतली होती.

मग वृंदा म्हणाली, "असेल रे. म्हातारी झाली आता ती."

सारंग स्वतः ओरडला असता तरी उपयोग नव्हता, जागल्या त्याचं ऐकणार नव्हता. जागल्याला पाहिजे होता वृंदाचा आवाज. आणि मग त्याला त्या सतरा तुकड्यांची आठवण झाली.

त्याने तक्रारीची फाईल उघडली आणि सगळे तुकडे एकामागून एक, मध्ये श्वासाएवढीही जागा न ठेवता, लावून दिले. पस्तीस हजार फुटांवर, छतावरच्या स्पीकरमधून, वृंदा आहेर वृंदा आहेरच्या समोर कडाडली.

"सारंग! वारा किती ते विचारलं मी. हवामानाचं कौतुक नको सांगूस!"

"उत्तर द्यायला मुहूर्त बघतोस का?"

"तुझ्या भरवशावर उडवलं असतं ना, तर एव्हाना माझा फोटो भिंतीवर असता!"

स्पीकरचा आवाज घुमून माईकमध्ये गेला, माईकमधून जागल्यात. सत्त्याण्णव. एक्क्याऐंशी. सहासष्ट. सारंग आकड्याकडे बघत पुटपुटत होता, "चल ना बे, चल ना." बावन्न, पिवळा. अडतीस.

लाल.

विमानाचं नाक खाली झालं.

पस्तीसवरून दहावर यायला पाच मिनिटं लागली. वीस हजारांपर्यंत वरून काही आलं नाही. तुकडे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते आणि सारंगला ते बंद करायची भीती वाटत होती, न जाणो दिवा फिरला तर. चौदा हजारांवर कण्हल्यासारखा आवाज आला. दहा हजारांवर खोकल्याची एक उबळ. मग कोरड्या घशातून शब्द आले.

"कोण बाई बोंबलतेय ही? बंद कर तिला आधी!"

सारंगने तुकडे बंद केले आणि टेबलावर डोकं ठेवलं. मोघे फोनवर म्हणाले, "राहू द्या मंजुरी."

विमान रायपूरला उतरलं. जागल्यानेच उतरवलं, कारण शुद्धीवर आल्यापासून वृंदा ज्या भाषेत बोलत होती तिला लालच येत होता. अठ्ठावीस वर्षांची वैमानिक मांडीवर हात ठेवून शेंगदाण्यांत बसून राहिली. जागल्याने उतरवलं ठीक, धावपट्टीवर जरासं लांब, पण ठीक. द्राक्षंही शाबूत होती.

कंपनीचा अहवाल चार दिवसांत आला. मालाच्या दाराचं रबर फाटून हवा हळूहळू निसटली. मापकाची नळी गोठली. वैमानिकाची शुद्ध हरपत असल्याचं शुद्धिमापकाने वेळेत ओळखलं आणि विमान सुरक्षित आणलं. या यशानंतर एक एप्रिलपासून प्रवासी विमानांतही एकच वैमानिक आणि शुद्धिमापक ही व्यवस्था सुरू होईल. सारंगला प्रशस्तिपत्र मिळालं, वेळीच धोका कळवल्याबद्दल.

"घे आणि गप्प बस," मोघे म्हणाले. चहाच्या टपरीशी दोघंच होते. "नोंदीत 'ध्वनी चालवला' एवढी एक ओळ आहे. कोणी बघणार नाही."

"जागल्याने नाही ओळखलं, साहेब. मी त्याला फसवलं."

"शुद्धिमापकाला खोटा आवाज ऐकवला तर परवाना रद्द, कायमचा. नियम पाठ आहे ना? घरी लहान मुलगी आहे तुझी. आहेरबाईंना तर काही आठवतसुद्धा नाही."

ते खरं होतं. वृंदाला पिवळा दिवा आठवत होता, ढग आठवत होते, आणि पुढे एकदम कोणीतरी बोंबलणारी बाई. मधली तीस मिनिटं कोरी. ती तीस मिनिटं आता फक्त सारंगजवळ होती.

रविवारी तो ओझरला गेला. खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. वृंदा ओट्याशी उभी राहून डाळ निवडत होती. तिला सरकारी चौकशी होईपर्यंत जमिनीवरच ठेवलं होतं.

"तक्रार करणारा तूच का?" तिने विचारलं. "बस. जेवलास?"

सारंगने फोन टेबलावर ठेवला आणि ती तीस मिनिटं लावली. तू म्हणशील तसं. तेही छान. किती सुंदर दिसतात, शेंगदाणे.

आतून हौसाबाई आली. ऐंशी वर्षांची, पदराला हात पुसत. "कोण गं ही?"

"मी आहे, आई."

हौसाबाईने कान फोनजवळ नेला. लावते हं. हो रे राजा. तिचा चेहरा उतरला. "हिला काय झालं होतं? मला का नाही कळवलं?"

"काय झालं म्हणजे?"

"अगं, तू कधी कोणाला राजा म्हटलंस? तुझ्या नवऱ्याला नाही म्हटलंस. बाळंतपणात ताप डोक्यात गेला होता तेव्हा अशी बोलत होतीस. डॉक्टर म्हणत होते शांत झाली, झोपू द्या. मी म्हटलं, मरतीय ती, सुई लावा." आणि मग सारंगकडे वळून, "खवट म्हणाला तो तू का?"

"म्हणावं लागलं, आजी."

"लागलं तर लागलं. पण लागल्यापुरतंच म्हणायचं." तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि ताटाशेजारी चिवड्याची वाटी ठेवली. तो खाईपर्यंत तिथून हलली नाही.

वृंदाने ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "नोकरीला लागले तेव्हा दाबकोठीत बसवलं होतं आम्हाला. बंद खोली, आतली हवा कमी करत जायची, आणि ज्याला त्याला आपली खूण ओळखायला शिकवायचं. कोणी खदखदा हसतो, कोणाची नखं निळी पडतात. प्रत्येकाची वेगळी. डॉक्टर ते कार्डावर लिहून द्यायचे. माझ्या कार्डावर काय होतं, माहीत आहे?"

"काय?"

"'ही नम्र होते', एवढंच. मी त्या डॉक्टरांशी भांडले होते, म्हटलं हे कसलं लक्षण!" ती हसली नाही. "जागल्या आला तेव्हा ती कार्डं रद्दीत घातली. यंत्राला सगळं कळतं म्हणाले. आणि मग पत्र पाठवून मला नम्र व्हायला सांगितलं."

"मॅडम, मी चौकशीत खरं सांगितलं तर परवाना जाईल माझा. घरी लहान मुलगी आहे."

"जाईल."

"आणि नाही सांगितलं तर..."

"तर एक तारखेपासून दोनशे-दोनशे माणसांच्या पुढे एकेक जण बसेल, आणि त्याला कोणी म्हणणार नाही की तुझ्या आईचा चिवडा खवट आहे." तिने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "मी तुला सांग म्हणणार नाही. पोर तुझी आहे."

चौकशी नागपूरलाच झाली. पाच जणांची सरकारी समिती, अध्यक्ष नाडकर्णीबाई; प्रवासी विमानांच्या परवानगीवर शेवटची सही त्यांचीच व्हायची होती. हल्ली जबानीलाही जागल्या लावायची पद्धत पडली होती. साक्षीदाराचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते कळावं म्हणून. टेबलावर तीच तपकिरीची डबी होती. लाल दिव्यात बोललेलं टंकलेखकाने घ्यायचं नाही, असा नियम होता.

सारंगने कागदावरून वाचून दाखवलं. सतरा तुकडे, वेळ, गुण, सगळं. आवाज कापत होता पण पंच्याहत्तरच्या खाली गेला नाही. वाचून झाल्यावर त्याने आपला परवाना काढून टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता.

कंपनीचा माणूस उठला. "धाडस मान्य आहे. पण आणखी चार मिनिटांत शुद्धिमापक आपोआप लाल झालाच असता. उमाठ्यांनी तेच थोडं लवकर घडवलं, इतकंच. यंत्रात दोष नाही."

"चार मिनिटांनी कोणाला उठवणार होतात?" वृंदा जागेवरूनच म्हणाली. "मला? पंधरा मिनिटं डोकं उपाशी ठेवलंत, वर आणखी चार! तुमच्या घरी कुकरची शिट्टी बंद पडली तर स्फोट होईपर्यंत वाट बघता का? दुसरा मापक काढलात, मास्क काढलात, माणूस काढलात..."

दिवा पिवळा झाला होता. मग लाल. टंकलेखकाचे हात थांबले.

"मॅडम," तो अवघडून म्हणाला, "जरा शांतपणे. हिरवा आल्याशिवाय घेता येत नाही."

वृंदाने पेल्यातलं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला. मग खालच्या पट्टीत, लांबवत, जसं ओझरच्या स्वयंपाकघरात तिने स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकलं होतं तसं, ती बोलायला लागली.

"हो, दादा. तुम्ही म्हणाल तसं. यंत्र फार चांगलं आहे. माझी काही तक्रार नाही. प्रवासी विमानांना उद्याच लावा. छान होईल."

दिवा हिरवा झाला. सत्त्याण्णव. टंकलेखकाने सुटकेचा श्वास सोडला आणि सगळं टंकून घेतलं. खोलीत आता फक्त बटणांची टकटक होती. समितीतले पाचही जण खुर्चीत सैलावून बसले. सारंगने ते पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की हिरवा बघून आपल्यालाही क्षणभर बरंच वाटलं होतं.

टकटक थांबली.

"लिहिलंत?" वृंदाने विचारलं. आवाज आता तिचा स्वतःचा होता, मोहरीचा. "मग आता हेही लिहा. मगाचं सगळं खोटं होतं. त्याच्या आधीचं खरं होतं. तुमच्या डबीने खोट्याला सत्त्याण्णव दिले आणि खऱ्याला लाल. एक तारखेला तुमची माणसं त्या विमानांत बसतील. बाई, सही तुमची आहे. लिहून घ्यायला सांगा."

दिवा लालभडक होता. नाडकर्णीबाई आधी दिव्याकडे बघत राहिल्या, मग वृंदाकडे. टंकलेखकाने बोटं बटणांवर ठेवली, उचलली, आणि बाईंकडे मान वळवली.

"मॅडम," त्याने विचारलं, "हे घेऊ का?"